छपरावरचा पूर्वरंग

कीर्तनाला उभं राहण्याआधी टाळ-मृदंग जुळवून घेतात, तसं आपणही आधी एवढं जुळवून घेऊ. मुर्रीचा टेकचंद हा छपरांचा माणूस. गोदामं, राइस मिल, लग्नाचे हॉल, अशा मोठ्या इमारतींच्या पत्र्यावर ऊन अडवणारे जाड बोर्ड बसवायचे आणि ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून स्क्रूने आवळायचे, ही त्याची रोजी. आणि कीर्तन हा त्याचा श्वास. गोंदियाच्या आसपास कुठेही कीर्तन असलं की टेकचंद पहिल्या रांगेत. बुवांनी पहिला आलाप घेतला की याचे डोळे भरलेच. बुवांचा विनोद यायच्या आधीच हा हसायला लागायचा, कारण तो विनोद त्याने आधीच्या गावातही ऐकलेला असायचा आणि त्याला तो तिथेही आवडलेला असायचा.

त्याची बायको भागीरथा त्याच्याही पुढची. ऐकून ऐकून तिला सगळी आख्यानं तोंडपाठ. संध्याकाळी गोठ्यात पदर खोचून ती म्हशींपुढे उभी राहिली की म्हशी रवंथ विसरायच्या. पण माणसांपुढे? एकदा मुर्रीच्या देवळात बायांनी तिला आग्रहाने उभं केलं. तिने तोंड उघडलं आणि दोर तुटलेल्या बादलीसारखा आवाज खोल विहिरीत गेला तो गेलाच. ती बसली. त्यानंतर म्हशींखेरीज कोणाला तिचं कीर्तन ऐकायला मिळालं नाही. गोठ्याच्या भिंतीला कान लावून उभा राहणारा टेकचंद तेवढा वेगळा. तो तिथे ऐकायचा आणि मनात म्हणायचा, देवा, हे एकट्याने ऐकतो मी, हे काही बरं नाही.

देवरीला हायवेला लागून श्यामलाल सेठजींनी भलामोठा हॉल बांधला. वर छत म्हणून पन्हाळी पत्र्याचा सपाट डेक. त्याचं माप घ्यायला टेकचंद गेला, तेव्हा सेठजी कपाळाला हात लावून बसले होते. उद्घाटनाला कीर्तन व्हावं अशी त्यांच्या आईची फार इच्छा, आणि ठरलेल्या बुवांचा घसा बसलेला.

"आमच्या घरी हाये ना कीर्तनकार!" टेकचंद बोलून गेला. बोलला आणि मग त्याला कळलं की आपण बोललो.

"पक्का?" सेठजी म्हणाले.

"पक्का."

"देखो टेकचंदभाऊ, नवतप्याच्या उन्हात पत्र्याखाली कीर्तन नाही होत, भजी तळली जातात. छप्पर थंड पाहिजे, शांत पाहिजे आणि मजबूत पाहिजे. इंजिनियर मॅडमने पास केलं तर भाभीजींचं कीर्तन. नहीं तो मी डीजे बोलावून मोकळा. डीजेवाल्याला गरमी चालते, आवाज चालतो, सब चलता है."

घरी येऊन टेकचंदने ही बातमी भागीरथेला सांगितली. ती भाकर थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"तुमी मले इचारलं होतं का?"

"नाही."

"मंग?"

"मंग का... हो म्हणलं."

रात्री ताट वाढताना ती नुसती बारीक हसली. टेकचंदने दोनदा पाणी मागितलं, दोन्ही वेळा तांब्या जरा जोरात ठेवला गेला. पण दुसऱ्या दिवशी गोठ्यातून आवाज आला आणि त्याने कान टवकारले. तिने विषय निवडला होता. छपराचं उद्घाटन, म्हणून छपराचीच कथा: इंद्राचा कोप, आभाळ फाटलेलं, आणि गोपाळाने करंगळीवर उचलून धरलेला गोवर्धन. खाली सगळं गोकुळ, आणि आपापल्या काठ्यांचे टेकू लावणारे भाबडे गवळी. टेकचंद भिंतीशी उभ्या उभ्या विरघळला.

आता सगळं त्याच्या हातात होतं. छप्पर जमलं तर ती उभी राहणार. नाही जमलं तर डीजे, आणि ती पुन्हा म्हशींपुढे.

बोर्डाचे नमुने आले. थर्माकोल आला, हलका आणि स्वस्त, पण टाच टेकली की खड्डा, आणि ठिणगी पडली की खेळ खलास. काचेच्या लोकरीची गादी आली, मऊ मऊ, पण छपरावर माणसं चालतात, आणि ती ओली झाली की तिचा लगदा. पिवळसर फोमचा टणक बोर्ड आला, त्याला सगळे पफ म्हणतात. ऊन अडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आणि दगडाच्या तंतूंचा रॉकवूल बोर्ड आला, जड, करडा, आगीला न भिणारा.

"पफच लावतो," टेकचंद म्हणाला.

भागीरथेने बोर्डावर टिचकी मारली. "उन्हाचं ठीक हाये वो. पन वादळवाऱ्याचं वावधन सुटलं, गारा पडल्या, तं माझा आवाज कोनाले आयकू येईन?"

टेकचंदने बोर्ड कानाशी धरून पाहिला. म्हणून परीक्षा ठरली.

गोठ्याच्या पत्र्यावर चारही नमुने शेजारी शेजारी मांडले. खाली भागीरथा उभी राहिली. वर शिडीवर बिसराम चढला. बिसराम हा टेकचंदचा जुना सोबती, सालेकशाकडचा, कचारगडच्या जत्रेत ढोल वाजवणारा, आणि कामावर टेकचंदचा उजवा हात. त्याच्या हातात धानाने भरलेलं सूप होतं. पाऊस म्हणून धान पाडायचं, आणि खाली किती आवाज येतो ते टेकचंदने ऐकायचं, अशी योजना.

"पाड गा!" टेकचंद ओरडला.

बिसरामने सूप हलवलं. खाली भागीरथेने आलाप घेतला. टेकचंदने डोळे मिटून कान लावला. आणि तेवढ्यात धानाचा वास लागलेल्या कोंबड्या फडफडत पत्र्यावर चढल्या. आपल्या चढल्या, शेजारच्या चढल्या, त्या पलीकडच्याही चढल्या. गोठ्यावर जणू लग्नाची पंगत बसली. थर्माकोलचे पांढरे मणी कोंबड्यांनी धान समजून टिपले आणि थू थू करून टाकले. पफवर चोचींचा असा टपटपाट झाला की खाली आलाप बुडाला.

"हाकल गा त्यायले!"

"मी हाकलून राहिलो, पन ह्या मलेच हाकलून राहिल्या!" बिसराम शिडीवरून ओरडला.

मग एक लठ्ठ कोंबडा रॉकवूलवर उभा राहिला आणि त्याने तिथे अक्षरशः नाच मांडला. पाय आपटले, पंख आपटले, दुसऱ्या कोंबड्याशी मारामारी केली. खाली टेकचंद वाट पाहत होता.

"अरे, आता तिकडं पाड ना!"

"पाडून झालं! इथं कोंबड्यायची कुस्ती चालू हाये!"

टेकचंदने डोळे उघडले. खाली भागीरथेचा आवाज स्वच्छ, सरळ. वरचं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. तो टाळी वाजवत अंगणात धावला. निर्णय झाला: खाली पफ, उन्हासाठी, स्क्रूने आवळलेला. त्यावर रॉकवूल, आवाजासाठी, डिंकाने चिकटवलेलं. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, विटांसारखं रचायचं. आणि सगळ्यात वर पाणी अडवणारी पांढरी शीट.

बिसराम केसांतलं धान झटकत खाली उतरला. "एवढं करून राहिले तुमी लोक. आमची कचारगडची गुहा पाहा. एक स्क्रू नाही, एक बोर्ड नाही, अन् उन्हाऱ्यात गारेगार."

"तिचा ठेकेदार मोठा हाये, बिसराम."

"हो, हे मातर खरं हाये."

साइटवर इंजिनियर होती मोनाली, गोंदियाची, बोलायला मोकळी आणि कामाला कडक. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना डेकवर गोळा केलं.

"काका, वारा छप्पर दाबत नाही, वर ओढतो. मध्ये कमी ओढतो, कडेला जास्त, आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त. म्हणून मधल्या बोर्डांना स्क्रू कमी, कडेला वाढवायचे, कोपऱ्यात दाट. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यातच गेला पाहिजे. वरची चकती बोर्डात रुतायला नको आणि हलायलाही नको. आणि बोलत बोलत कोणी एखादा बोर्ड विसरायचा नाही."

टेकचंदचा चेहरा उजळला. "म्हणजे मॅडम, मधात विलंबित, कडेला दुगुन, अन् कोपऱ्यात गजर!"

मोनालीने त्याच्याकडे पाहिलं, जरा विचार केला, आणि हसली. "हो... तसंच म्हणा."

आणि तसंच सुरू झालं. टेकचंदच्या माणसांची ही जुनीच रीत, आता तिला मॅडमची मंजुरी मिळाली. एक ओळ, एक बोर्ड. समेवर स्क्रू आत. बिसराम रिकाम्या डब्यावर ठेका धरायचा, टेकचंद गायचा, आणि बाकीचे मशीन घेऊन मागोमाग. त्यात गोंदिया शहरातला विक्की होता. त्याला भजनाचे शब्द येत नसत, पण ताल पक्का. कडेला पोचले की दुगुन. कोपऱ्यात पोचले की असा गजर व्हायचा की हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवून साथ द्यायचे. मोनाली मागून येऊन चकत्या ओढून पाहायची. एकही हलायची नाही. विसरायला जागाच नव्हती. ओळ विसरली तरच बोर्ड विसरणार, आणि ओळ कोण विसरतं?

मधला मोठा भाग उरला होता, त्या दिवशी भागीरथा गोंदियाहून बसने देवरीला आली. मोकळ्या हॉलमध्ये आवाज लावून पाहायचा होता तिला. हॉल रिकामा, खुर्च्या अजून यायच्या होत्या, मोनालीही त्या दुपारी गोंदियाला गेलेली. कोणी पाहत नाही अशी खात्री करून भागीरथेने पदर खोचला.

वर स्क्रू मारायला निघालेल्या टेकचंदच्या पायांखालून तिचा आवाज आला. पत्र्याचा डेक, त्यावर नुसता पफ, तिचा आवाज त्यातून उसळून वर आला. जणू सगळं छप्परच गायला लागलं.

"आज आपन नाही गायचं," टेकचंद हळूच म्हणाला. "तिच्याच चालीवर मारा रे."

मारले. काय मारले! एकेक ओळ, एकेक बोर्ड, स्क्रू लोण्यात गेल्यासारखे. खाली इंद्र कोपला, आभाळ भरून आलं, गाईंनी हंबरडा फोडला, गोपाळ पुढे झाला आणि त्याने करंगळी लावली. आणि भागीरथेने टाहो फोडला:

"लावा रे लावा हात, डोंगर आला माथ्यावर!
बोट त्याचं, भार त्याचा, टेकू आपले नावावर!"

पुढचं तुम्हाला सांगायला नको. कीर्तनात "लावा हात" म्हटल्यावर हात वर न करणारा माणूस झाडीपट्टीत जन्मला नाही. मशीन खाली ठेवल्या गेल्या. सगळ्यांचे हात आभाळाकडे गेले. डोळे मिटले. टेकचंदच्या गालावरून पाणी ओघळलं. विक्कीचेसुद्धा हात वर. मग कथा पुढे सरकली, आणि सगळे पुढच्या ओळीला पुढच्या बोर्डावर.

खाली भागीरथेला तो गजर इतका गोड लागला की तिने तो परत घेतला. थोड्या वेळाने आणखी एकदा. वर परत हात. वर आणखी एकदा हात.

दुसऱ्या दिवशी मोनाली परत यायच्या आतच त्यावर रॉकवूल चिकटायला लागलं, त्यावर पांढरी शीट चिकटली, आणि छप्पर पौर्णिमेसारखं शुभ्र झालं. खाली हॉल इतका गार की सेठजींच्या आईने खुर्चीवर बसल्या बसल्या झोप काढली. टेकचंदचे पाय जमिनीवर नव्हते. उद्या कीर्तन. आणि मोनालीचं एक शेवटचं फिरणं बाकी होतं.

ती दुपार उतरल्यावर वर आली. टाचेवर भार देत, थांबत थांबत चालली. मध्यावर एका जागी थांबली, परत मागे आली, दोन्ही पायांवर झुलून पाहिलं.

"काका, इथे स्क्रू आहेत ना?"

"असतीनच."

"असतील, की आहेत?"

तिने कटरने शीटमध्ये छोटी फट पाडली, रॉकवूल बाजूला सारलं, बॅटरी धरली. सगळे वाकले. खाली पिवळा बोर्ड नव्या नवरीच्या कपाळासारखा. पण कुंकू नव्हतं. एकही चकती नव्हती.

टेकचंदने फटीत बोट घालून चाचपलं. असं कसं झालं? ओळ कोणी विसरली?

विक्कीने मान खाली घातली. "भाऊ... उस टाइम तो हाथ ऊपर थे."

"हात वर?" मोनाली म्हणाली. "कशाला?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी विक्कीच म्हणाला, "पहाड पकडा था, मॅडम."

मोनालीने ओठ घट्ट मिटले. तिचे खांदे हलले. मग तिने एक लांब श्वास घेतला आणि ती पुन्हा इंजिनियर झाली. "काका, वादळी वाऱ्याचा इशारा आहे. सुटा बोर्ड असला तर वारा शीट फुगवेल, शेजारचे उपटेल. असं मी पास नाही करणार. करायलाच नको."

"नाही, नाही," टेकचंद म्हणाला. "बरोबर हाये तुमचं. वरून लांब स्क्रू मारतो ना, पार डेकपर्यंत. वरून शीटचं ठिगळ, गरम हवेनं चिकटवून."

"चालेल. पण कुठे कुठे? सगळीकडे भोकं पाडलीत तर ही चाळण होईल."

टेकचंदने टाच आपटून पाहिली. बिसरामने आपटून पाहिली. मोनालीच्या पायाला एक जागा नशिबाने लागली होती, बाकी सगळीकडे तोच एक मऊ, मुका ठप्प. आवाज गिळणारा बोर्ड म्हणून त्यांनी हौसेने निवडला होता. आता तो एक अक्षर बोलेना.

खाली हॉलबाहेर सेठजींनी मोबाइल काढला. "डीजेवाल्याला फक्त विचारून ठेवतो," ते म्हणाले.

"थांबा सेठजी!" तो वरून ओरडला. "सापडते! सगळं सापडते! पुन्हा गायचं! जिथून सुरू केलं तिथून, त्याच चालीत, बोर्डामागं बोर्ड चालत जायचं. जिथं हात वर, तिथं स्क्रू नाही!"

मोनालीने त्याच्याकडे पाहिलं. "आणि त्या दिवशीसारखंच येईल?"

बिसरामने छातीवर हात ठेवला. "मॅडम, ठेका मी इसरत नाही. वयनीनं कुठं दम घेतला ते बी सांगतो."

"वहिनी बीच में खाँसी थी," विक्की म्हणाला. "दो बार."

"अन् मधात एका बकरीले हाकललं होतं," आणखी कोणी म्हणालं.

भागीरथा उद्यासाठी आदल्या दिवशीच देवरीला आली होती. खालच्या खोलीत बसून ती मनातल्या मनात पाठ म्हणत होती, आणि दर ओळीला दाराकडे पाहत होती. टेकचंदने तिला सगळं सांगितलं. आधी ती पांढरी पडली. मग तिला हसू फुटलं, इतकं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"टेकू लावाले सांगतलं होतं मी, काम सोडाले नाही!"

"तू इथं खाली गा, आमी वरतं चालतो."

"आता खालून वरतं आयकू येईन?"

टेकचंदने वर छताकडे पाहिलं. येणार नव्हतं. त्याने स्वतःच तसं छप्पर बांधलं होतं.

"म्हंजे मले वरतं या लागते," भागीरथा म्हणाली.

लोखंडी जिन्याने ती चढली. वर पांढरंशुभ्र मैदान, कडेला कमरेएवढी भिंत, पलीकडे देवरीचं जंगल आणि उतरतं ऊन. आजूबाजूला फक्त ओळखीची माणसं, आणि तीसुद्धा सगळी खाली मान घालून बोर्डांचे सांधे शोधणारी. भागीरथेने पदर खोचला, पायांकडे पाहिलं आणि पहिल्या बोर्डावर उभी राहिली. बिसरामने डबा घेतला. मोनाली हातात लाल खडू घेऊन मागे.

कीर्तन चालू लागलं. खरोखरच चालू लागलं. एक ओळ, एक पाऊल. इंद्र कोपला तेव्हा ती छपरावरच्या पाणी जायच्या नालीपाशी होती. गाईंनी हंबरडा फोडला तेव्हा चौथ्या रांगेत.

"इथं खोकला," बिसराम म्हणाला.

भागीरथा खोकली.

"इतका लहान नाही, वयनी. मोठा होता."

ती मोठ्याने खोकली आणि हसली आणि पुन्हा सूर धरला. गोपाळाने करंगळी लावली. "लावा रे लावा हात!" आणि सगळ्यांचे हात वर गेले, आणि टेकचंद ओरडला, "हाच!" मोनालीने गुडघे टेकून छोटी फट पाडली. खाली रिकामा बोर्ड. तिने लाल फुली मारली आणि न राहवून स्वतःच टाळी वाजवली. विक्कीने लांब स्क्रू आत सोडले, मागून ठिगळ बसलं. "पुढं चला!"

पुढे चालले. बकरीची जागा आली, नसलेल्या बकरीला हाकललं. गजर पुन्हा आला. फुली. रिकामा बोर्ड. दर फुलीला टेकचंदला अशी उकळी फुटायची की जणू देवच सापडला. भागीरथेचा आवाज मोकळा होत होत आता इतका मोकळा झाला होता की तिला पायांखाली बोर्ड आहे की गोकुळ हेही कळेना. शेवटच्या रांगेपाशी तिने गजर घेतला:

"लावा रे लावा हात—"

"डोंगर आला माथ्यावर!"

हे वरच्यांनी म्हटलं नव्हतं. हे खालून आलं, शेकडो गळ्यांतून आलं.

भागीरथा दचकून कठड्याशी गेली. खाली हायवेच्या कडेला रायपूरची बस उभी होती आणि तिच्या खिडक्यांतून माणसं बाहेर लोंबत होती. तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बाया डोक्यावरचे भारे खाली ठेवून उभ्या होत्या. ट्रक रांगेत थांबले होते. चहावाला किटली हातात धरून तसाच. आणि सगळ्यांचे हात वर. सेठजींच्या आईचेसुद्धा, खुर्चीतून.

टेकचंद दोन पावलं पुढे सरकला. आता बादली विहिरीत जाणार. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडातून शब्द येईना. एक क्षण. खालून एक तेंदूपत्त्यावाली ओरडली, "अवो बाई, थांबली काऊन? डोंगर पडून जाईन ना!"

सगळा हायवे हसला. भागीरथाही हसली, आणि हसता हसताच तिने सूर उचलला, आणि तो असा उचलला की जंगलातले पोपट उडाले.

शेवटचं ठिगळ बसलं तेव्हा जंगलाकडून धुळीचा लाल पडदा येताना दिसला. वावधन! मोनालीने पास केल्याची मान हलवली आणि सगळ्यांना जिन्याकडे पिटाळलं. खाली सेठजींनी हॉलची दारं सताड उघडली. "सब अंदर! बसवाले, ट्रकवाले, सब अंदर!" खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक बोर्डांच्या रिकाम्या खोक्यांवर बसले, तेंदूपत्त्याच्या भाऱ्यांवर बसले. बाहेर आभाळ फुटल्यासारखा वारा सुटला. समोरच्या पंक्चरवाल्याचा पत्रा थाड थाड करून उडाला आणि शेतात जाऊन पडला. पोरं रडायला लागली. टेकचंद हॉलच्या मधोमध उभा राहून वर पाहत होता, कान लावून, दात आवळून. छप्पर हललं नाही. छपराने हूं की चूं केलं नाही.

"आता कीर्तन उद्या कशाला?" सेठजी म्हणाले. "भाभीजी, पूर्वरंग तर झाला. उत्तररंग होऊन जाऊ द्या!" आणि मोबाइल खिशात टाकून ते जमिनीवर मांडी घालून बसले.

भागीरथा पुढे उभी राहिली. टेकचंद पहिल्या रांगेत, त्याच्या जागेवर. पण तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला एकदम उमगलं. पाठ सगळी आख्यानं होती, पण माणसांपुढे सांगायला तयार एकच होतं. तेवढंच तिने बसवलं होतं, आणि ते सगळ्यांनी आताच बाहेर उभं राहून ऐकलं होतं, खोकल्यासकट, बकरीसकट.

तो अर्धवट उठला आणि परत बसला. काय सांगणार ही?

भागीरथेने हॉलभर नजर फिरवली. बाया, ट्रकवाले, सेठजींची आई, खडूने लाल झालेली मोनाली, मांडीवर डबा घेतलेला बिसराम. तिने हात जोडले, डोळे मिटले, उघडले. आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे टेकचंद चांगलं ओळखून होता. तांब्या जोरात ठेवायच्या आधीचं हसू.

"तं ऐका माय-बाप हो," ती म्हणाली, सरळ, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत. "मुर्री नावाच्या गावात एक भला माणूस राहत होता. बायकोले इचारल्याबिगर तिचं कीर्तन ठरवून आला..."

हॉल हसून लोळला. टेकचंदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बोटांच्या फटीतून ऐकत राहिला. हा विनोद त्याने याआधी कुठल्याच गावात ऐकलेला नव्हता.